गाण्याची बैठक

गाणं टिकतं ते चांगल्या गळ्यामुळे, असं आपण धरून चालतो. मला वाटतं, त्याला नेमानं बसायला जागा असावी लागते. गळे मग आपोआप येतात.

पुण्याजवळच्या मुळशीतल्या कोळावडे, नांदगावसारख्या डोंगरी गावांत पहाटे दोघी जणी जात्याला समोरासमोर बसत. एकीनं ओवी उचलायची, दुसरीनं पुढे न्यायची. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी इथल्या आणि पुढे महाराष्ट्रभरच्या बायकांकडून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळानं त्या सर्वांसाठी खुल्या करायला घेतल्या. फार मोलाचं काम आहे हे. पण गावातली ओवी थांबली ती बायका विसरल्या म्हणून नव्हे. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि ओवीची बैठकच मोडली. लग्नघरी हळद दळायला जातं मांडलं, की त्याच बायकांना चार ओव्या लगेच सुचतात.

भजनाची बैठक मात्र शाबूत आहे. कशी, ते अखंड हरिनाम सप्ताहात दिसतं. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही, म्हणून पहारे लावतात. देवळाच्या भिंतीवर कागद असतो, त्यावर नावं आणि वेळा. रात्री दोनच्या पहाऱ्याला पिरंगुटच्या कंपनीतून सेकंड शिफ्ट करून आलेला पोरगा असतो. तो आधीच्या वीणेकऱ्याच्या पाया पडतो, वीणा गळ्यात घेतो, तेव्हा कुठे आधीचा मोकळा होतो. आवाज कसा आहे, हे कुणी विचारत नाही. पखवाजाच्या डाव्या अंगाला लावायची कणीक कुणाच्या तरी घरून येते. जागराचा चहा कुणी ठेवायचा, पंगत कुणाची, हे आधीच ठरलेलं असतं. या कामांचा पैसा कुणालाच मिळत नाही.

हे फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेत साराटोगा स्प्रिंग्ज गावात 'कॅफे लीना' नावाचं लोकसंगीताचं कॉफीघर १९६० पासून चालू आहे. चालवणारी लीना स्पेन्सर १९८९ साली गेली, तरी ते बंद पडलं नाही. गावातली माणसं आजही तिथं बिनपगारी राबतात. वीणा नसली तरी पहारा तोच.

सप्ताहात मोठ्या बिदागीचा कीर्तनकार आणला की मांडव भरतो, हे खरं आहे. तरीही वर्गणी गोळा करणाऱ्यांनी आधी पहाऱ्याचा कागद बघावा, असं मला कळकळीनं वाटतं. मांडव कीर्तनापुरता भरतो. रात्री दोनला कुणीच नसेल, तर पुढच्या वर्षी सप्ताह बसेलच याचा भरवसा नाही.

आणि ओवी पुन्हा गावात यावी असं वाटत असेल, तर सप्ताहातच दुपारी तासभर जातं मांडावं. एक आजी, समोर एक सून किंवा नात, असा रोज दोघींचा पहारा लावावा. नावं त्याच कागदावर लिहावीत आणि दळलेलं पीठ त्या दिवशीच्या पंगतीला द्यावं.