हरिपूरच्या पेवातली हळद

सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाच्या बाजूला, जमिनीत खोल पेवं होती. तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढं, पोट मात्र ऐसपैस. तिथली माती पाणी झिरपू देत नसे आणि तोंड लिंपून बंद केलं की आत प्राणवायू उरत नसे, म्हणून हळदीला कीड लागत नसे. पेव उघडल्यावर काही तास तोंड मोकळं ठेवायचं, मगच माणूस उतरवायचा. नाहीतर तो आत गुदमरायचा. माल असा मातीखाली गेला की मालकाच्या हाती फक्त पावती उरे. ही गोष्ट रचलेली आहे, पण ती पेवं खरी आणि २००५ सालचा महापूरही खरा.

माहुली हे साताऱ्याजवळचं गाव, रामशास्त्री प्रभुण्यांचं. तिथल्या एका शेतकऱ्यानं त्या उन्हाळ्यात तीस पोती हळद हरिपूरच्या पेवात ठेवली आणि जूनमध्ये तो अचानक वारला. जुलैअखेर कृष्णेला पूर आला, पेवांत पाणी शिरलं. दिवाळीच्या तोंडावर त्याची बायको पावती घेऊन सांगलीला आली.

“वैनी, पोती तर तुमच्या मालकांनी मे महिन्यातच नेली की,” पेववाला म्हणाला.

“मला काही बोलले नाहीत, अण्णा. घरातही आली नाहीत.”

“नेली नाहीत म्हणता, तर पुरावा दाखवा.”

ती गप्प झाली. नवरा सांगायला उरला नव्हता, आणि जे घडलंच नाही त्याचा कागद कोण करून ठेवतं? या एका वाक्यापुढं किती विधवा, किती अडाणी माणसं आजवर हात हलवत परतली असतील, या विचारानं संताप होतो. वाक्य ऐकायला न्यायाचं वाटतं, म्हणून तर ते जास्त घातक.

ती परतली नाही. मार्केट यार्डात एक जुने दिवाणजी होते, सगळे त्यांना नाना म्हणत. तंटा त्यांच्यापुढं गेला. नानांनी पावती वाचली आणि पेववाल्याला विचारलं, “ही तुमचीच ना?”

“माझीच.”

“मग माल ठेवला हे वैनींनी दाखवलं. त्यांचं काम संपलं. परत दिला असं तुम्ही म्हणताय, ते तुम्ही दाखवायचं.”

नाना काही मनचं बोलत नव्हते. साधारण नऊशे वर्षांपूर्वी चालुक्यांच्या कल्याणीत विज्ञानेश्वरानं ‘मिताक्षरा’ लिहिली, तिच्यात हीच वाटणी आहे. ‘घेतलंच नाही’ असं उत्तर आलं तर सिद्ध करायचं ते मागणाऱ्यानं. ‘घेतलं, पण फेडलं’ असं आलं तर फेडणाऱ्यानं. १८०४ च्या फ्रेंच दिवाणी संहितेतही तोच नियम आहे, आज तो १३५३व्या कलमात सापडतो. इतक्या दूरदूरच्या लोकांना हे सुचलं, कारण फेडणाऱ्याला फेडताना पोच घेता येते. न मिळालेल्याकडे दाखवायला काहीच नसतं.

“तुमची हमालीची वही आणा,” नाना म्हणाले. “तीस पोती वर काढायची तर हमाल लागतात, त्यांना मजुरी द्यावी लागते.”

वही आली. मे महिन्यात त्या पेवाच्या नावावर एक पैसा पडलेला नव्हता. आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्यात एक फार शहाणं कलम होतं: जी गोष्ट खास ज्याच्या माहितीतली, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. १ जुलै २०२४ पासून कायदा बदलला, पण हे कलम नव्या साक्ष्य अधिनियमातही ठेवलं आहे. वही पेववाल्याच्या पेटीत होती. माहुलीच्या बाईला ती कुठून दिसणार?

पेववाल्यानं मग दुसरा सूर लावला. “नाना, खरं सांगतो, पुरात गेली. देवाच्या करणीला मी काय करू?”

“मघाशी नेली म्हणालात. नेलेली हळद पुरात कशी जाईल?”

तो खाली बघू लागला. तरी नानांनी ते उत्तरही नीट तपासलं, हे मला त्यांचं मोठेपण वाटतं. खोटं बोललेला माणूस दुसऱ्यांदा खरं बोलत असू शकतो, आणि पूर तर सगळ्यांनीच पाहिला होता. कितीतरी पेववाल्यांचा स्वतःचा मालही गेला होता; त्यांना कुणी दोष देत नव्हतं. करार कायदा एवढंच मागतो की ठेवीची काळजी शहाणा माणूस आपल्या मालाची घेईल तेवढी घ्यावी. तेवढी घेतली हे मात्र ठेव सांभाळणाऱ्यानंच दाखवायचं.

नानांनी वहीची पुढची पानं उलटली. पाणी चढायच्या दोन दिवस आधी हमाली पडली होती. शेजारच्या पेवातली पोती काढून उंचावरच्या गोदामात नेल्याची.

“ही कुणाची?”

“माझी,” पेववाला हळूच म्हणाला.

“म्हणजे पूर येणार हे तुम्हाला कळलं होतं.”

पुढं फार बोलणं झालं नाही. पैसे चार हप्त्यांत द्यायचे ठरले. पहिला हप्ता मोजून घेतल्यावर बाईनं नानांकडून कोरा कागद मागितला, रक्कम आणि तारीख लिहून घेतली, खाली सही केली आणि तो पेववाल्यापुढं धरला.

“ठेवा अण्णा. उद्या मी नसले आणि माझ्या पोरांनी परत मागितले, तर तुमच्याकडं दाखवायला काहीतरी पाहिजे.”