मुक्या जिवाची फिर्याद



फिर्याद द्यायला माणूस पोलीस ठाण्यात जातो. मुकं जनावर कसं जाणार? त्याची बाजू दुसऱ्या कुणाला तरी मांडावी लागते. तालुक्याच्या ठाण्याला कनवाळू अधिकारी लाभला, की तो हे काम आपलं मानतो.

उसाच्या हंगामात तो बैलगाडीपाशी थांबतो. जू वर करून बैलाची मान सोलवटली आहे का, पराणीला आर ठोकली आहे का, हे पाहतो. ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठीच्या १९६५च्या नियमांनी अशा आरेला बंदी आहे. तापमान ३७ अंशांच्या वर गेलं, तर दुपारी १२ ते ३ जनावर जुंपता येत नाही. तो हे गाडीवानाला आधी समजावतो, कारण गाडीवानही कष्टकरीच.

रात्री दाटीवाटीने गुरं भरलेला ट्रक पकडला, की पंचनामा होतो. पण या मुद्देमालाला सील ठोकून कपाटात ठेवता येत नाही. त्याला लगेच पाणी, वैरण, डॉक्टर लागतो.

१९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे अवघा १० ते ५० रुपये. म्हणून जनावराला ठार मारणं, विष घालणं किंवा पंगू करणं घडलं असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लावायला हवं. त्यात ५ वर्षांपर्यंत कैद आहे.

तहानलेल्या गाढवाला कावडीतलं गंगाजल पाजणारे संत एकनाथ आपलेच. तेव्हा आज रस्त्यात जनावराचा छळ दिसला, तर नुसतं हळहळू नका. ११२ला फोन करा आणि साक्षीला उभे राहा.