दुसरी वेलांटी

निवृत्तीनंतर सेलूतल्या आमच्या गल्लीत अर्ज लिहून देण्याचं काम आपसूक माझ्याकडे आलं. परवा शेजारचे चाचा नातवाच्या जन्मनोंदणीचा कागद घेऊन आले. सातव्या दिवशी अकीका झाला, जावळ काढलं, नाव ठेवलं. मी 'फरिद' लिहिलं आणि थबकलो. "चाचा, वेलांटी पहिली की दुसरी?"

"हे तुमी मले इचारता, गुरुजी?"

दुसरीच. गरीब, वकील यांना लागतो तोच नियम. आणि तिथंच गंमत कळली. गरीब, वकील, हकीम, फकीर हे शब्द मी जन्मभर शुद्धलेखनाला घातले. ते सगळे अरबीतल्या एकाच साच्यातले, आणि फरीदही त्यातलाच. फ, र, द ही त्याची मूळ अक्षरं. अर्थ एकटा, सुटा; म्हणून फरीद म्हणजे ज्याला जोड नाही असा. मौल्यवान मोत्यालाही अरबीत हा शब्द आहे. जुन्या मोडी कागदांतला सुटा ताव म्हणजे 'फर्द', तोही याच घरचा. (अर्थ एकमेव खरा, पण माझ्या हजेरीपटावर एका वर्षी दोन फरीद होते!)

चाचांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "असन जी. आमचा तं गिरडचा फरीद हाय."

सुनेने गिरडला नवस केला होता. समुद्रपूर तालुक्यातल्या त्या टेकडीवर शेख ख्वाजा फरीद यांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघंही तिथं जातात. पाकपट्टणचे तेराव्या शतकातले बाबा फरीद, ज्यांची वचनं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, ते हेच, असं भाविक मानतात. बाबांची टिंगल करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल तिथं दगड झाला म्हणतात. काळ्या खडकाच्या पोकळ्यांत तयार झालेली खनिजं ती, असं मी वर्गात शिकवलं असतं.

नवसाचं नाव आपल्याला काही नवं नाही. मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलं झाल्यावर नावं ठेवली शहाजी आणि शरीफजी, अशी परंपरा आहे. शरीफ, म्हणजे पुन्हा तोच साचा. मालोजींनी त्याचा धातू कुणाला विचारला असेल, असं वाटत नाही. मी मात्र नाव शब्दकोशातून येतं असं धरून बसलो होतो. चाचांच्या घरी ते टेकडी उतरून आलं.

पंख्याने कागद उडायला लागला. चाचांनी खिशातून सुपारीएवढा खडबडीत दगड काढून त्यावर ठेवला. गिरडचाच. मी ऱ्हस्व वेलांटी खोडली, दीर्घ काढली, बाजूला सही केली. खाली इंग्रजी नावाचा रकाना होता. तिथं एक 'आय' की दोन 'ई', ते मात्र पोराच्या बापाला फोन लावून विचारावं लागलं.