‘आता तिला काही कळत नाही’

म्हातारी बाई पोटच्या मुलाला ‘तुम्ही कोण?’ विचारू लागली, की भेटायला आलेली माणसं तिच्यादेखतच म्हणतात, ‘आता तिला काही कळत नाही. नुसतं शरीर उरलंय.’ या बोलण्यामागे एक सिद्धांत आहे: माणूस म्हणजे त्याच्या आठवणी. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९४ साली जवळपास हेच मांडलं. माझी जाणीव मागे जिथवर पोचते, तिथवर मी. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही स्मृतिभ्रंशातून बुद्धिनाश आणि त्यातून सर्वनाश अशी उतरंड आहे. (तो स्मृतिभ्रंश क्रोधातून आलेला, आजारातून नव्हे, रुग्णाच्या उशाशी हा श्लोक ऐकवणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.)

पण आठवण ही एकच एक वस्तू नाही. कानशिलामागे खोलवर असलेला हिप्पोकॅम्पस नवे प्रसंग मनात रुजवतो. अल्झायमरचा घाला बहुधा आधी त्याच भागावर पडतो, म्हणून रुग्ण सकाळचा चहा विसरतो आणि लहानपणचं अंगण त्याला आठवतं. हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाच्या फिट्स थांबवण्यासाठी १९५३ साली दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढला. त्यानंतर, २००८ मध्ये मरेपर्यंत, नवं जवळजवळ काहीच त्याच्या लक्षात राहिलं नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. तीन दिवसांत त्याचा हात बसला, पण आपण हे आधी केलंय, हे त्याला ठाऊकच नव्हतं. आपण ज्याला ‘अंगवळणी पडणं’ म्हणतो, ते मेंदूत वेगळ्या ठिकाणी साठतं. भावनेचंही तसंच. जिनिव्हाच्या मानसशास्त्रज्ञ क्लापारेद यांनी १९११ साली लिहिलेला प्रयोग क्रूरच होता: बोटांत टाचणी लपवून त्यांनी एका विस्मृतिग्रस्त बाईशी हात मिळवला. टोचल्याचं ती विसरली. पुढे त्यांनी हात पुढे करताच तिने आपला मागे घेतला. का, ते तिला सांगता येईना.

यावर कुणी म्हणेल, सवय आणि धसका म्हणजे माणूस नव्हे. मग माणूस कशात असतो? मेंदूच्या पुढच्या भागाच्या एका प्रकारच्या डिमेन्शियात आठवणी बराच काळ टिकतात, स्वभाव मात्र पालटतो. अमेरिकेतल्या २०१५ च्या एका अभ्यासात ‘हा पूर्वीचा राहिला नाही’ ही भावना अल्झायमरपेक्षा या आजाराच्या रुग्णांच्या नातेवाइकांत जास्त आढळली. म्हणजे घरचे लोक आपला माणूस आठवणींपेक्षा स्वभावात शोधतात. लॉक इथे हरतो. वेदान्ती म्हणेल, स्मृती ही चित्ताची वृत्ती, आत्मा केवळ साक्षी; त्याचं काहीच बिघडत नाही. असेल. पण तो साक्षी सगळ्यांत सारखाच, आणि मुलाला हवी असते त्याची आई. शेवटच्या टप्प्यात हे सगळंच जातं, हाही आक्षेप खरा. मात्र तिथवरची वाट बहुधा अनेक वर्षांची असते, आणि मुलाचं नाव विसरल्याची तारीख ही तिच्या जाण्याची तारीख नसते. शब्द विसरले तरी ते ऐकताना वाटलेलं मागे राहू शकतं. तेव्हा ‘तिला काही कळत नाही’ हे बोलायचंच असेल, तर निदान बाहेरच्या खोलीत जाऊन बोला.