सुचलेल्याचे श्रेय
इंदूरच्या लहान कापडदुकानांतून माहेश्वरी साड्या घेता घेता आमच्या ध्यानी आले आहे की, गिऱ्हाईक कोणती घडी मुकाट्याने परत सरकवते, हे गादीवरील मालकाआधी साडी उलगडणाऱ्या नोकरास कळते. आमच्या परिचयाच्या एका दुकानात अशाच नोकराने सुचविले : माहेश्वरीचा बुगडी काठ दोन्ही अंगांनी शोभतो, तर साडी उलटूनही दाखवावी. विक्री वाढली. मालकांनी मात्र ती युक्ती चारचौघांत स्वतःची म्हणून सांगितली.

पगार वेळेवर होता, वागणूकही सौम्य, हे नमूद केलेच पाहिजे. पण सुचलेल्या गोष्टीचे श्रेय वेतनात विकत घेतले जाते काय? आमच्या मते नाही. ते निराळे देणे आहे, आणि ते फेडण्यास एक वाक्य पुरले असते.

तो नोकर आजही साड्या उलगडतो; सुलट्या बाजूनेच.