स्वधर्म कोणी निवडला?

१९६३ साली राजा परांजपे यांच्या ‘हा माझा मार्ग एकला’मध्ये सचिन पिळगांवकर पडद्यावर आले, तेव्हा ते जेमतेम पाच-सहा वर्षांचे होते. साठ वर्षं उलटली तरी ते काम करत आहेत. ‘गीत गाता चल’, ‘नदिया के पार’, ‘अशी ही बनवाबनवी’... त्यांच्या आत्मचरित्राचं नावही ‘हाच माझा मार्ग’. पण जो मार्ग पाचव्या वर्षी मोठ्यांनी दाखवला, तो स्वतःचा कधी होतो?

स्वतःचा मार्ग म्हणजे गीतेच्या भाषेत स्वधर्म. पण गीतेतला अर्जुन जाणता आहे. तो शस्त्र खाली ठेवतो, उलट प्रश्न विचारतो, आणि अठराव्या अध्यायात कृष्ण त्याला म्हणतो, नीट विचार कर आणि तुला वाटेल ते कर. स्वधर्माच्या चर्चेत ही सवड फार मोलाची आहे. लहान मुलाला ती कुठून मिळणार?

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. नवस फेडण्यासाठी मुली खंडोबाला वाहिल्या जात, त्यांच्या मुरळ्या होत. बोलायचे आईबाप, निभावायचं मुलीनं. सिनेमाला त्या पंगतीत बसवणं अन्यायाचं ठरेल. तरीही मुलाच्या वतीनं दिलेला शब्द मुलाला किती बांधतो, हे दोन्हीकडे विचारावंच लागतं.

लांबलेली कारकीर्द हे त्याचं उत्तर आहे, असं अनेकांना वाटतं. ते पुरेसं नाही. माणूस सवयीनंही टिकतो. सचिन यांच्याबाबतीत जास्त बोलकी गोष्ट वेगळीच आहे. ‘मझली दीदी’ या चित्रपटाच्या काळात मीनाकुमारींनी आपल्याला उर्दू शिकवल्याचं ते सांगतात. २०१५ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’त खाँसाहेब साकारताना तीच उर्दू त्यांच्या तोंडी होती. लहानपणी पदरात पडलेलं, साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी स्वतःच्या कामाला लावलं. इथे मालकी दिसते.

महेश कोठारे यांची वाट आणखी स्पष्ट. तेही १९६३ सालचेच बालकलाकार, ‘छोटा जवान’मधले. पुढे त्यांनी कायद्याचं शिक्षण घेतलं, वकिली केली आणि मग १९८५ मध्ये ‘धुमधडाका’ दिग्दर्शित केला. मागे फिरायची वाट मोकळी असताना ते परत आले.

आज नवी मुंबईतल्या खांदेश्वर स्थानकावरून मुलाला ऑडिशनला घेऊन निघणाऱ्या आईबापांसाठी कायदा तरी आहे. बालकामगारविषयक २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त, किंवा विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत जातो. इच्छेविरुद्ध काम करवून घेण्यासही मनाई आहे. तासांची नोंद ठेवता येते, ठेवीची पावती मिळते. इच्छा मात्र मुलालाच विचारावी लागते, आणि तीही प्रत्येक नव्या कामाआधी, कारण सहा वर्षांच्या मुलानं दिलेला होकार नवव्या वर्षी शिळा झालेला असतो. ज्या देवळावरून स्थानकाला नाव मिळालं, तिथल्या महादेवाला ‘लेकराचं नाव होऊ दे’ म्हणून हात जोडणाऱ्या आईनं घरी परतल्यावर ‘तुला उद्या जायचंय का?’ एवढं विचारलं आणि ‘नाही’ हे उत्तर मानलं, तर त्या मुलालाही अर्जुनाची थोडी सवड मिळेल.