परिचारिकेचे दप्तर आणि विदेचे शास्त्र

कन्नड तालुक्याचा बराचसा मुलूख घाटमाथ्यावर आहे. पण नागदसारखी गावे डोंगराच्या पायथ्याशी, खानदेशाच्या अंगाला पडतात, आणि तेथील गर्भवतीने बाळंतपणासाठी घाट चढून कन्नडला यावे की सोईचे म्हणून चाळीसगाव गाठावे, याचा विचार तालुक्याच्या हद्दी मुक्रर करणाऱ्यांनी केलेला नसतो. त्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेलेली बाई चैत्राच्या आगेमागेच परतते. ती कोणत्या कारखान्यावर आहे, हे उपकेंद्रातील सिस्टरला पुष्कळदा ठाऊक असते. दूरच्या संगणकास मात्र रकाना रिकामा आहे, एवढेच दिसते.

शुश्रूषेच्या संशोधनास विदाविज्ञानाची जोड देण्याचा जो उत्साह हल्ली सर्वत्र दिसतो, त्याची परीक्षा या रिकाम्या रकान्यापाशी करावी. परिचारिकेने आकडे पुरवावेत आणि त्यांचा अर्थ इतरांनी लावावा, अशी वाटणी गृहीत धरून जे सहकार्य उभे राहते, ते माझ्या मते सहकार्य नव्हे. ती वसुली आहे.

वास्तविक या व्यवसायाचा आरंभ निराळा होता. क्रिमियाच्या युद्धात बहुसंख्य शिपाई जखमांनी नव्हे, रोगांनी दगावले, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ साली आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरवले, तेव्हा विल्यम फार हा संख्याशास्त्रज्ञ त्यांच्या मदतीस होता. परंतु प्रश्न त्यांचा होता आणि रुग्णालयातील दुर्दशा त्यांनी स्वतः पाहिलेली होती. पुढे हिंदुस्थानातील लष्करी छावण्यांना प्रश्नावली धाडून त्यांनी येथील पाणी, मोऱ्या आणि मृत्यू यांची कैफियत मागवली, तीही या देशात पाऊल न ठेवता.

आपल्याकडील उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत ज्या स्त्रियांना नवजात अर्भकांच्या घरी धाडले, त्या परिचारिकाही नव्हत्या. पाच-दहा इयत्ता शिकलेल्या गावच्याच बायका होत्या. बाळ तपासणे, लिहून ठेवणे आणि गरज पडल्यास उपचार करणे, ही तिन्ही कामे त्यांच्याच हाती होती. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, तो सर्वश्रुत आहे. मला त्याहून मोलाचे वाटते ते पुढचे काम. घरोघरच्या या नोंदींचे पृथक्करण करून जंतुसंसर्ग ओळखण्याची सात लक्षणे निवडण्यात आली: चांगले रडणाऱ्या बाळाचे रडणे मंदावणे वा थांबणे, अंगावर पिणे सुटणे, अंग लुळे पडणे, अंग गार पडणे, अशांसारखी, आणि त्यांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी आढळली की उपचार करावा वा बाळाला दवाखान्यात हलवावे, असा दंडक ठरला. बाळाच्या उशाशी बसलेल्या बाईने जे लिहिले, त्यातूनच तिला उद्या वापरता येईल असा नियम निघाला. विदाविज्ञान म्हणून ज्याचा गाजावाजा होतो, त्याचे याहून शुद्ध रूप मला ठाऊक नाही.

याच्या उलट, एखाद्या वहीत रक्तदाबाच्या रकान्यात ओळीने १२०/८० लिहिलेले आढळले, तर दूरचा विश्लेषक सारा टापू निरोगी ठरवून मोकळा होईल. जिने ती वही भरली तिला विचारले, तर यंत्र नादुरुस्त होते, किंवा लसीकरणाच्या दिवशी रांग उंबऱ्याबाहेर गेली होती, असा खुलासा मिळेल; आणि त्या खुलाशावाचून तो आकडा केवळ शाई आहे. यात सिस्टरची लबाडी शोधणारे अधिकारी पुष्कळ भेटतात. तिला तो आकडा परत कधी दाखवला का, असे विचारणारे विरळा. जो मजकूर वर गेला की पुन्हा खाली येतच नाही, तो बिनचूक लिहिण्याची तसदी कोणी किती दिवस घ्यावी?

परिचारिकेस संशोधनासाठी सवड कोठे आहे, हा आक्षेप खरा आहे. परंतु तोच तपशील आधी वहीत, मग पोर्टलवर आणि महिनाअखेर अहवालात उतरवण्यात तिची जी सवड जाते, ती कोणी हिरावली? हे दुहेरी-तिहेरी लेखन बंद करावे. तालुक्याच्या मासिक सभेत उद्दिष्टांचा तगादा लावण्यापूर्वी तासभर गेल्या महिन्याचे आकडे तिच्यापुढे मांडून त्यांची रुजुवात करावी. आणि अभ्यासाचा पहिला प्रश्न तिला ठरवू द्यावा. कन्नडपुरता तो कोणता असेल, याचा अंदाज करणे कठीण नाही: ऊसतोडीस गेलेल्या गर्भवतीची तपासणी कारखान्याच्या गावी झाली, तर तिची नोंद येथील वहीत किती दिवसांत पोहोचते, आणि पोहोचत नसेल तर ती नेमकी कोणत्या कचेरीत अडकते?